ढाळाच्या फरशीवरचं टेबल

जवळा बाजार या गावात देविदास मिस्त्रीला ओळखत नाही असा माणूस एक तर नवा असतो, नाहीतर त्याच्या घरात अजून सारवणाची जमीन असते. तीस वर्षं देविदासनं फरशी बसवली. आधी शहाबादी, मग कडप्पा, मग टाइल्स. किती घरं झाली ते त्याला सांगता येत नाही. पण आपल्या फरशीवर पाणी थांबत नाही, हे तो कुणालाही सांगतो. विचारलं नाही तरी सांगतो.

काम संपलं की त्याची एक रीत होती. घरच्या बाईकडून तांब्याभर पाणी मागायचं आणि सगळ्यांच्या देखत खोलीच्या वरच्या कोपऱ्यात ओतायचं. पाणी जरा पसरायचं, मग एका अंगाला वळून मोरीची नाहीतर नळीची वाट धरायचं. शेवटचा ओघळ बाहेर गेल्याशिवाय देविदास मानाच्या नारळाला हात लावत नसे. शिरड शहापूरला एका मास्तरांच्या घरी वाटीभर पाणी मधेच बसून राहिलं. मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हो मिस्त्री, वाटीभर तर हाय. पुसून घिऊ." देविदासनं ऐकलं नाही. सहा फरश्या उचकटल्या, दुसऱ्या दिवशी परत बसवल्या, पुन्हा तांब्या ओतला आणि मग नारळ घेतला.

फरशीच्या या उताराला ढाळ म्हणतात. डोळ्याला दिसत नाही, पायाला कळत नाही, पाण्याला मात्र बराबर कळतो. इकडच्या बायका घर पुसून समाधान मानत नाहीत, धुतात. बादली ओतायची, खराट्यानं लोटायचं आणि पाणी आपापलं गेलं पाहिजे. ते गेलं नाही तर मिस्त्रीचं नाव निघतं, तेही आईसकट.

एवढ्या वर्षांत देविदासनं बिनढाळाची फरशी एकदाच बसवली. ती हिंगोलीला, शकीलच्या पूल पार्लरात. शकील हा कापडवाल्याचा मुलगा. कापडात त्याचं मन लागेना म्हणून नऊ वर्षांपूर्वी त्यानं एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हा खेळ काढला. हिरव्या कापडाचं भलंमोठं टेबल, कडांना रबर, काठीनं बॉल घालायची सहा पॉकेट, सोळा बॉल. टेबल यायच्या आधी फरशी करायची होती.

"मिस्त्री, ढाळ नको हां. एक सूतबी नको," शकील म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"मग धुणार कसं?"

"धुवायचंच न्हाई. कोरडं पुसायचं."

"खोली वास मारंल शकीलभाई."

"मारू द्या. बॉल पळायला नको."

देविदासला ते पटलं नाही, पण काम ते काम. त्यानं लेव्हल पाइप लावला. पारदर्शक रबरी नळीत पाणी भरायचं, एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. दोन्हीकडचं पाणी एका उंचीला येऊन थांबतं, ती खरी सपाटी. आठ दिवसांत फरशी झाली. टेबल आलं, जोडलं. शकीलनं पांढरा बॉल मधोमध ठेवला आणि दोघं चहा पिऊन आले तरी बॉल जागचा हलला नव्हता. शकीलनं खूश होऊन काठी त्याच्या हातात दिली. "पहिला शॉट तुमचा."

तो शॉट कसला, काठी कापडावरून घसरली. पण नंतर हिंगोलीला काम असलं की संध्याकाळी गाडीची वाट बघत बसण्यापेक्षा देविदास वर जाऊ लागला. रेषेत बघायची सवय डोळ्याला होतीच. गुण्या लावून काटकोन बघणाऱ्या माणसाला बॉल कुठल्या रबरावर आपटून कुठं जाईल हे सांगावं लागलं नाही. दोन वर्षांत कॉलेजची पोरं त्याच्याशी खेळायला कचरायला लागली. "मिस्त्रीकाका आले, चला," म्हणून काठ्या ठेवायची. देविदास पांढऱ्या टोपीवर सिमेंटची धूळ घेऊन एकटाच सगळे बॉल घालायचा आणि पिशवी उचलून गाडीला पळायचा.

मग गुडघे गेले. तीस वर्षं उकिडवं बसून काम केल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरनं फोटो दाखवून सांगितलं की गुडघ्यातली गादी संपली, आता मांडी नाही आणि उकिडवं तर अजिबात नाही. उकिडवं बसता न येणारा फरशीवाला म्हणजे घरी बसलेला फरशीवाला. दोन वर्षं तो ओट्यावर खुर्ची टाकून बसला. कुणी सल्ला विचारायला आलं तर सांगायचा. येणारेही हळूहळू कमी झाले. हाताला एकच काम उरलं, आठवड्यातून एकदा एसटीनं हिंगोलीला जाऊन शकीलकडे खेळायचं. खेळ उभ्यानं असतो. गुडघ्याला फक्त जिन्याची तकलीफ.

बायको अनुसूया हे जाणून होती. कुठं जाता म्हणून विचारत नसे. परत आल्यावर एवढंच म्हणायची, "किती पोरं हरवली आज?"

दिवाळीनंतर शकीलचा फोन आला. इमारत पाडून नवी होणार, पार्लर बंद. पोरंही आता मोबाइलवरच खेळतात. टेबल बघायला नांदेडहून एक जण येणार होता.

"तुमाला सांगावं वाटलं मिस्त्री. शेवटचं खेळून जा."

देविदास दुसऱ्या दिवशी गेला, पण खेळला नाही. टेबलाभोवती फिरून बोटाच्या पेरानं दगड ठोकायला लागला. हिरव्या कापडाखाली काळा पाटीचा दगड असतो, तीन तुकड्यांत. देविदास कान लावून टकटक करीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला.

"ठोकून काय बघून राहिले? मटका हाय का?"

"दगड फुटका असंल तर आवाज बसका येतो."

"येतोय का?"

"न्हाई. दगड खणखणीत हाय. कापड गेलंय इथं, पहिल्या फटक्यानं बॉल फोडायच्या जागी. इथं कुण्या लेकाच्यानं सिगारेट टेकवलीय. पायाचे स्क्रू जाम झालेत." मग तो खिडकीकडे बघत म्हणाला, "नांदेडवाला काय देतो?"

शकील त्याच्याकडे बघतच राहिला. "मिस्त्री, ठिवणार कुठं?"

"घरी."

देविदासनं भाव फार ताणला नाही. घरी त्याची फरशी पॉलिश करायची मशीन दोन वर्षं पोत्याखाली पडून होती, ती त्यानं औंढ्याच्या एका मिस्त्रीला विकली आणि त्या पैशात टेबल घेतलं. मशीन गेली म्हणजे आपण पुन्हा कामावर जाणार नाही हे ठरलं, एवढं त्याला कळत होतं. त्यानं ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

टेबल गुरुवारी आलं. शेजारच्या संतरामची पिकअप होती. दगडाचा एकेक तुकडा उतरवायला चार माणसं लागली. अनुसूया दारात उभी होती.

"हे काय आणलंव?"

"टेबल."

"जेवायचं?"

"खेळायचं."

"कोण खेळणार? सपना नांदायला गेली. नातू दीड वर्साचा हाय."

"मी."

अनुसूयेनं संतरामकडे बघितलं. "भाऊजी, रस्त्यात काही खाल्लं-पिल्लं काय ह्यांनी?"

"वहिनी, मी फक्त गाडी चालवली. मला ह्यात धरू नका," संतराम म्हणाला आणि दोऱ्या सोडायला लागला.

टेबल मावण्यासारखी खोली एकच होती, पुढची. बारा बाय सतरा. देविदासनं आधीच मोजून ठेवलं होतं. भिंतीच्या अंगानं काठी मागं ओढायला जागा पुरत नव्हती, त्यासाठी शकीलनं एक आखूड काठी दिली होती. पण ही खोली म्हणजे अनुसूयेची होती. दर सोमवारी तिथं बारा-तेरा बायका भजनाला बसायच्या. आणि रोज सकाळी ती खोली धुतली जायची.

त्या धुण्यालाही इतिहास होता. लग्नानंतर सहा वर्षं अनुसूया देविदासच्या हाताखाली कामाला होती. माल कालवायची, फरश्या डोक्यावरून आणायची, लेव्हल पाइपचं दुसरं टोक धरायची. दुसऱ्यांच्या घरात ढाळ करून घरी यायची तर आपल्या घरात मातीची जमीन आणि पावसाळ्यात ओल. स्वतःचं घर बांधायला निघाले तेव्हा देविदासनं विचारलं, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, "पाणी वतलं की निघून गेलं पायजे. बाकी तुमी काय करायचं ते करा." देविदासनं आयुष्यातला सगळ्यात नेटका ढाळ त्या पुढच्या खोलीला दिला. दारापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यात भिंतीच्या बुडाशी नळी, नळीच्या पलीकडे अंगणात मोगऱ्याचं आळं. अनुसूया बादली ओतायची आणि मोगरा पाणी प्यायचा. बावीस वर्षं हे चाललं होतं.

त्या खोलीत आता चार क्विंटलचं टेबल आलं. शकील स्वतः येऊन जोडून गेला. दाराकडचे दोन पाय फरशीवर, नळीकडच्या दोन पायांखाली ढाळ भरून काढायला पाऊण इंच आधार. पार्लरात पायांखाली साध्या प्लायचे तुकडे होते, तेच इथं आले, आणखी थोडे घातले. देविदासनं पाइप लावला. पाणी बराबर. बॉल ठेवला, थांबला. शनिवारी संध्याकाळी तो एकटा तासभर खेळला आणि रात्री दोन भाकरी जास्त जेवला.

सोमवारी बायका आल्या. पारुबाई सगळ्यांत म्हातारी. दारातच थबकली.

"अनुसये, हत्ती मेला का गं तुह्या घरात? पांघरूण घालून ठिवलाय."

"मिस्त्रींचं खेळणं हाय, काकू."

"जुगाराचं व्हय?"

"जुगार न्हाई ओ काकू," देविदास ओट्यावरून म्हणाला. "नेमाचं काम हाय. बगा, दाखवतो." त्यानं चादर काढली. बायका गोल उभ्या राहिल्या. टेबल पाण्याच्या लेव्हलमधी हाय, म्हणून सांगत त्यानं पांढरा बॉल मधोमध ठेवला आणि हात मागं घेतला.

बॉल एक क्षण थांबला. मग हलला. अगदी हळू, कुणी बोलावल्यासारखा, दाराच्या बाजूला निघाला. पुढं त्याला जोर आला आणि रबराला टेकून थांबला.

पारुबाई म्हणाली, "आगं माय. पाणी तिकडं जातंय अन् गोळी इकडं. मिस्त्री, आता तुमचं काम उलटं व्हायला लागलं."

सगळ्या हसल्या. अनुसूया हसली नाही. तिनं बायकांना टेबलाच्या कडेकडेनं बसवलं. टाळ वाजवताना एकीची कोपरं टेबलाच्या पायाला लागत होती, पेटीवालीला भिंतीत जावं लागलं. भजन कसंबसं झालं. बायका गेल्यावर ती आत आली.

"हसल्या मला बाया."

"मला हसल्या."

"तुमाला हसल्या म्हंजे कुणाला? हे बगा, तुमी जल्मभर लोकाच्या घरात तांब्या वतून दाखवला. पाणी थांबलं तर फरशी उचकटली. तोच नेम ह्याला. पुढच्या सोमवारी त्या समद्यांसमोर गोळी मधी ठिवायची. थांबली तर टेबल ऱ्हाईल, मी तोंडातून शब्द काढणार न्हाई. न्हाई थांबली तर भाऊजीच्या गाडीत घालून जिथून आणलं तिथं."

"तिथं आता इमारत पाडून राहिले."

"मग नांदेडला."

देविदासला हा नेम नाकारता येईना. त्याचाच होता.

मंगळवारी सकाळी त्यानं परत पाइप लावला. नळीकडची बाजू अर्धा सूत वर आली होती. संतरामचा जॅक आणला, टेबल उचललं, कमरेत वाकून लांब दांड्यानं प्लायचा एक पापुद्रा काढला. संध्याकाळी बॉल थांबला. बुधवारी सकाळी उठून बघतो तर पुन्हा दाराकडे.

तो टेबलाशेजारी उभा राहून हिशोब करू लागला. नळीची बाजू वर येत नसणार, दाराची बाजू खाली जात असणार. म्हणजे त्याची फरशी खचली. चार क्विंटलच्या भारानं त्याच्या हातची, बायकोसाठी केलेली फरशी बसत चालली. तो काठीच्या बुडानं दाराजवळच्या फरश्या एकेक ठोकत गेला. कुठंही पोकळ आवाज आला नाही. शेवटी स्वयंपाकघरातून तांब्या आणला आणि दारात ओतला. पाणी टेबलाखालून सरळ नळीला गेलं, थेंबही मागं राहिला नाही. फरशी शाबूत होती. त्याला बरं वाटलं आणि जास्तच कळेनासं झालं.

त्यानं शकीलला फोन लावला. "दगड वाकडा दिला काय तुमी मला?"

"मिस्त्री, नऊ साल तुमी त्याच दगडावर पोरं रडवली. तवा वाकडा नव्हता?"

त्याच दुपारी डोंगरकड्याहून लेकीचा, सपनाचा फोन आला. नातवाला ताप. अनुसूया पिशवी भरायला लागली.

"येता का? दोन दिवस ऱ्हाऊन येऊ."

"तू हो पुढं. मी हिथं हे बगतो."

"व्हय, बगा. रात्री उठून दूध पाजा त्या टेबलाला," ती म्हणाली आणि जीपला गेली.

बुधवारी संध्याकाळी त्यानं टेबल पुन्हा सपाट केलं. गुरुवारी सकाळी भीतभीत बॉल ठेवला. थांबला. दुपारी थांबला. शुक्रवारी थांबला. देविदास खुर्ची ओढून टेबलाशेजारी बसला आणि थांबलेल्या बॉलकडे बघत राहिला. नातवाचा ताप उतरल्याचा फोन आला तेव्हा तो एवढ्या आनंदानं बोलला की सपनाला वाटलं, बाबाचा नातवावर जीव किती.

शुक्रवारी सांजेला अनुसूया आली. शनिवारी सकाळी उठली, पदर खोचला, दोन दिवसांची धूळ बघून तोंड वाकडं केलं आणि दोन बादल्या ओतल्या. खराट्यानं सगळं पाणी नळीकडे लोटलं. देविदास दारात उभा राहून बघत होता. पाणी नळीकडच्या दोन पायांभोवती जमलं, क्षणभर रेंगाळलं आणि गेलं. पण पायाखालच्या प्लायच्या कडा काळ्या झाल्या होत्या.

त्यानं ओणवं होऊन बोट लावलं. प्लाय ओला आणि फुगलेला. खारीसारखे त्याचे पदर सुटले होते. दुपारी बॉल ठेवला तर दाराकडे निघाला.

फरशी खचली नव्हती, दगड वाकडा नव्हता. पार्लरात नऊ वर्षं पाणी पडलं नाही म्हणून तिथं प्लाय टिकला. देविदासनं टेबलाबरोबर तो प्लायही उचलून आणला आणि रोज धुवायच्या घरात घातला. फरशीच्या मिस्त्रीनं! कुण्या हाताखालच्यानं असं केलं असतं तर त्यानं त्याची थापी बाहेर फेकली असती.

आता एक वाट सोपी होती. अनुसूयेला म्हणायचं, सोमवारपर्यंत खोली धुवू नको, नुसती पूस. टेबल पुन्हा सपाट केलं आणि दोन दिवस कोरडं राहिलं की बॉल थांबला असता. देविदास दुपारभर ओट्यावर बसून राहिला, पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना. चहा घेऊन अनुसूया आली. चहा गार झाला तरी त्यानं उचलला नाही.

"काहून बोलत न्हाई? गोळी पळाली का आज?"

"पळाली."

"मग?"

"तुह्या पाण्यानं लाकूड फुगतंय."

"मग मी धुवू नको म्हणता?"

"मी तसं कुठं म्हणलं?"

"न्हाई म्हणलं. पण बसले तर तसंच."

ती आत गेली, टेबलाखाली वाकून प्लाय बघितला, बाहेर आली.

"मला एक सांगा. फरशीवाल्याच्या घरात दगडाचा दुष्काळ पडला का? न्हाणीमागं एवढा ढीग पडलाय तुमच्या तुकड्यांचा. लाकूड काहून घातलं?"

देविदासनं कप उचलला, परत ठेवला. "लाकूड दांड्यानं लांबून सरकवता येतं. दगडाच्या चिपा बसवायच्या म्हंजे खाली बसावं लागतं. पायाशी. उकिडवं." मग म्हणाला, "शकीलसमोर कसं सांगू, मला बसता येत न्हाई म्हून?"

अनुसूया कप घेऊन आत गेली.

रविवारी सकाळी न्हाणीमागून भांड्यांचा वाटावा असा आवाज यायला लागला. देविदास जाऊन बघतो तर अनुसूया घमेल्यात तुकडे भरत होती. तीस वर्षांत कामावरून उरलेले तुकडे त्यानं तिथं रचले होते. जाड कडप्पा, पातळ टाइल, मार्बलच्या पट्ट्या.

"हा कुणाच्या घरचा?" तिनं एक तुकडा वर धरला.

"शिरडच्या मास्तराचा. सहा उचकटल्या होत्या बग, त्यातला."

"हा जाड हाय. अन् हा?"

"तो सेनगावचा. दवाखान्याचा. तो घे, त्याची जाडी बराबर हाय."

संतराम जॅक घेऊन आला. टेबल हळूहळू वर गेलं. प्लायचे लगदे झालेले तुकडे अनुसूयेनं ओढून बाहेर फेकले. मग पदर खोचून ती पायाशी उकिडवी बसली.

"वहिनी, मी बसतो की," संतराम म्हणाला.

"तुमी जॅक धरा भाऊजी. तुमाला जमायचं न्हाई हे. मी सहा वर्सं केलंय."

देविदासनं लेव्हल पाइपचं एक टोक टेबलाच्या दाराकडच्या कडेला धरलं. दुसरं टोक अनुसूयेनं बसल्या जागेवरून हात वर करून नळीकडच्या कडेला लावलं. तिला सांगावं लागलं नाही. पाइप धरताना अंगठा तोंडावर ठेवायचा आणि पाणी थांबल्यावर सोडायचा, हे तिच्या हाताला आठवत होतं.

"एक सूत कमी हाय," देविदास म्हणाला.

तिनं टाइलची पट्टी सारली. थापीच्या मुठीनं ठोकली.

"आता?"

"केसभर जास्त."

"केस कुणाचा? तुमच्या डोक्यावर तर राहिला न्हाई."

संतराम हसला तसा जॅक हलला. "भाऊजी, हात!" दोघं एकदम ओरडले.

चार तास लागले. मास्तरांचा कडप्पा एका पायाखाली गेला, दवाखान्याची फरशी दुसऱ्या पायाखाली, वर पातळ चिपा. शेवटी पाइपातलं पाणी दोन्ही टोकांना एका रेघेला थांबलं. अनुसूया उठायला लागली तर तिच्याच गुडघ्यांतून आवाज आला. देविदासनं हात पुढं केला. तिनं तो धरला आणि उठली.

"आता तुमच्यासारखी गत व्हायची माही," ती म्हणाली. "हात धुवा. भाकरी टाकते."

देविदासनं बॉल ठेवून बघायला चादर उचलली. तिनं ती त्याच्या हातातून घेऊन परत पांघरली. "आज न्हाई. उद्या. समद्यांसमोर."

सोमवारी बायका नेहमीपेक्षा लवकर आल्या. गावभर झालं होतं. शकीलही हिंगोलीहून आला, दाराबाहेर चपला काढून ओट्यावर उभा राहिला. पारुबाईनं बसायला चटई मागितली.

"थांबा काकू, बसू नका अजून," अनुसूया म्हणाली. ती आतून भरलेली बादली घेऊन आली.

देविदास म्हणाला, "अगं, आता काहून?"

"रोज धुते. आज तुमच्यासाठी मुद्दाम धुतली न्हाई, असं लोक म्हणतील." आणि तिनं बादली दारातच उपडी केली.

बायका लुगडी सावरत ओट्यावर पळाल्या. पाणी टेबलाखाली शिरलं. अनुसूया ओल्या फरशीवरून चालत गेली, चादर काढली आणि पांढरा बॉल मधोमध ठेवला. हात मागं घेतला. दारातून तेरा डोकी आत डोकावली, वर शकीलचं.

बॉल थांबला.

"फुकर मारून बग गं," पारुबाई म्हणाली.

"काकू, फुकर मारली तर तुमीबी पळाल," अनुसूया म्हणाली.

बॉल थांबूनच होता. कुणीतरी शंभरपर्यंत मोजू म्हणालं, दोघींनी मोजायला सुरुवातही केली. शकील म्हणाला, "मिस्त्री, हे तर माह्या दुकानापेक्षा भारी बसलं." मग वळून बघतो तर मिस्त्री दारात नव्हता.

देविदास ओट्याच्या पायऱ्यांवरून, भिंतीला धरून, सावकाश अंगणात उतरला होता. नळीच्या तोंडाशी कमरेत वाकून तो मोगऱ्याच्या आळ्याकडे बघत होता. पाण्याची धार बारीक होत होती. मग थेंब. मग तेही थांबले.

आतून अनुसूयेचा आवाज आला. "आवं, गोळी थांबली! बगायला या की!"

"आलो," तो म्हणाला. "पाणी सगळं आलं."